घड्याळ झिजलं, की त्यात दोषच होता? वॉरंटी संपल्यावर आधी हे ठरवा

वॉरंटी संपून जेमतेम महिना होतो आणि एका सकाळी फिटनेस घड्याळाचा स्क्रीन काळाच राहतो. कस्टमर केअरला फोन लावला की पहिला प्रश्न खरेदीच्या तारखेचा. तारीख ऐकली की बोलणं नव्या मॉडेलवरच्या डिस्काउंटकडे वळतं, आणि बहुतेक जण इथेच नाद सोडतात. मला हे पटत नाही, कारण तारखेपेक्षा मोठा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. हे घड्याळ वापरून झिजलं, की त्यात पहिल्यापासून दोष होता आणि तो आत्ता वर आला?

बंद पडलेल्या स्क्रीनकडे बघून दोन्हीतला फरक कळत नाही. पुढची वाट मात्र पूर्ण वेगळी असते. झीज असेल तर खर्च आपला, आणि दुरुस्ती परवडते का एवढंच बघायचं. दोष असेल तर वॉरंटी संपल्यावरही बोलायला जागा उरते, आणि बऱ्याच देशांत ती कायद्याने दिलेली असते.

आधी, दोन्हींपैकी काहीच नाही ना?

‘मेलेली’ म्हणून टाकून दिलेली कितीतरी घड्याळं खरं तर फक्त उपाशी असतात. घड्याळ उलटं करा आणि पाठीवरचे चार्जिंगचे ठिपके उजेडात तिरके धरून बघा. त्यांची चमक जाऊन तिथे तपकिरी किंवा हिरवट थर दिसला, तर घामातल्या मिठाने काम केलेलं आहे. घाम न पुसता घड्याळ चार्जरवर ठेवलं की ओलावा आणि वीज मिळून धातू गंजवतात, आणि थर जाड झाला की वीज आत पोचतच नाही. मऊ ब्रशने आधी कोरडंच घासा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. चार्जरकडच्या पिनाही तपासा. बऱ्याच चार्जरमध्ये त्यांच्याखाली बारीक स्प्रिंग असते, आणि एखादी पिन आत रुतून बसली तरी घड्याळ चार्ज होत नाही.

दुसरी केबल वापरून बघा. फोनच्या फास्ट चार्जरऐवजी लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टला लावून बघा, कारण काही घड्याळांचं फास्ट चार्जरशी जमत नाही. घड्याळ महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडून असेल, तर बॅटरीचा व्होल्टेज फार खाली जाऊन आतल्या संरक्षक सर्किटने तिला तोडलेलं असू शकतं. अशी बॅटरी सुरुवातीला अगदी सावकाश भरते आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. काही तास लावून ठेवा, नजरेसमोर, आणि गरम होतंय का ते हाताने बघत राहा. त्यानंतर बटण दाबून धरून सक्तीने रीस्टार्ट करा. काही मॉडेल दहा-पंधरा सेकंदांत उठतात, काहींना अर्धा मिनिट लागतो.

चालू असलेल्या घड्याळातही असे फसवे बिघाड असतात. उंची किंवा चढलेले मजले चुकीचे दाखवत असेल, तर हवेचा दाब मोजणारं बारीक भोक साबणाने किंवा घामाने बुजलेलं असू शकतं. कोमट साध्या पाण्याने ते धुऊन वाळू द्या. हृदयाचे ठोके मध्येच गायब होत असतील, तर आधी मागची काच पुसा आणि पट्टा एक घर घट्ट करा.

झीज: ती हळू येते आणि हिशोबात बसते

लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आसपास येते. पूर्ण चार्ज म्हणजे एकूण शंभर टक्के. पन्नास टक्के दोनदा भरले तरी तो एकच धरायचा.

आता आपल्या घड्याळाला हे गणित लावा. ठळक रंगीत स्क्रीनचं, जवळपास रोज पूर्ण चार्ज लागणारं घड्याळ वर्षाला साडेतीनशेच्या पुढे चार्ज खातं. दोन वर्षांनी ते दिवसभर पुरेनासं झालं तर ती झीजच आहे, आणि त्यासाठी कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. पण आठवड्यातून एकदा चार्ज लागणाऱ्या साध्या बँडचे वर्षाला 52 चार्ज होतात, दोन वर्षांत शंभराच्या थोडे वर. तो बँड एवढ्यात निम्म्यावर आला, तर ‘वापरामुळे झालं’ हे उत्तर गणितात बसत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत पडून राहिला असेल किंवा सतत चार्जरवरच असेल तर गोष्ट वेगळी, कारण उष्णता आणि कायम भरलेली अवस्था बॅटरीला न वापरताही म्हातारी करतात. तसं काही नसेल तर हे चार्जचं गणित तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि तो फार थोडे लोक मांडतात.

झीज कधीकधी दोषाचं सोंग घेते. घड्याळात तीस टक्के चार्ज दिसतोय, धावायला निघाल्यावर जीपीएस सुरू केलं आणि घड्याळ टपकन बंद पडलं. घरी येऊन चार्जरला लावलं तर पुन्हा पंचवीस-तीस टक्के. ‘मदरबोर्ड गेला’ असं वाटतं, पण बहुधा जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून विजेला होणारा अडथळा, वाढलेला असतो. जीपीएस आणि ठोके मोजणारे दिवे एकदम वीज ओढतात, व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि घड्याळ स्वतःला बंद करून घेतं. थंडीत हे आणखी लवकर होतं. अशा वेळी पूर्ण बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला आधी फक्त बॅटरी बदलून बघायला सांगा.

दोष: तो अचानक येतो, आणि बहुधा एकट्याचा नसतो

रात्री 80 टक्के असलेलं, कुठे न आपटलेलं, पाण्यात न गेलेलं घड्याळ सकाळी गप्प. स्क्रीनवर एक उभी रेघ. एकच बटण मेलेलं. सुरू होताना लोगोपाशी अडकून पुन्हापुन्हा रीस्टार्ट. ही लक्षणं झिजेची नव्हेत. त्याच मॉडेलचा तोच भाग इतरांच्याही घड्याळात त्याच सुमाराला जात असेल, तर संशय पक्का होतो. सॉफ्टवेअर अपडेटनंतर लगेच बॅटरी धो-धो उतरायला लागली, तर ते कंपनीने पाठवलेल्या अपडेटमुळे झालेलं असण्याची दाट शक्यता असते. व्हर्जनचा नंबर आणि तारीख लिहून कळवा.

दोष धोकादायक असेल तर वॉरंटीची तारीख साफ बाजूला पडते. फिटबिट आयॉनिक हे याचं स्पष्ट उदाहरण. 2017 मध्ये आलेल्या या घड्याळाचं उत्पादन 2020 मध्ये थांबलं होतं. बॅटरी तापून लोकांना भाजल्याच्या तक्रारी आल्या, एकट्या अमेरिकेत भाजल्याच्या 78 नोंदी झाल्या, आणि मार्च 2022 मध्ये कंपनीने ही घड्याळं परत मागवून पैसे परत दिले. म्हणून बाकी काही करण्याआधी आपल्या मॉडेलचं नाव आपल्या देशातल्या ग्राहक-सुरक्षा यंत्रणेच्या रिकॉल यादीत शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

पाण्यावरून होणारे वाद सगळ्यात कटू. घड्याळावर लिहिलेल्या ‘5 एटीएम’ या पाण्याच्या दाबाच्या आकड्याचा अर्थ पन्नास मीटर खोल पोहता येतं असा नव्हे. नव्या घड्याळाने प्रयोगशाळेत, स्थिर पाण्यात, तेवढा दाब सोसला एवढाच त्याचा अर्थ. आतली रबरी सील साबण, शाम्पू, सनस्क्रीन आणि गरम वाफेने कडक होत जाते. तिसऱ्या वर्षी काचेखाली धुकं जमलं तर मी त्याला झीज म्हणेन. पण पोहण्यासाठीच विकलेलं घड्याळ पहिल्या काही महिन्यांत, नुसत्या पोहण्याने आतून ओलं झालं असेल आणि तेव्हाची तक्रार नोंदलेली असेल, तर पुढे वॉरंटी संपली तरी ती नोंद दाखवून दोषाचा दावा धरून ठेवा.

कंपनीने दिलेली वॉरंटी आणि कायद्याने दिलेला हक्क, यांतही अशीच गल्लत होते. वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन असतं. कायद्याचा हक्क त्याच्या वर, वेगळा असतो. युरोपीय संघात वस्तू देतानाच असलेला दोष किमान 2 वर्षांत वर आला तर विक्रेता जबाबदार असतो, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातलाच होता असं धरलं जातं. ब्रिटनमध्ये 2015 चा ग्राहक हक्क कायदा आहे; इंग्लंड आणि वेल्समध्ये 6 वर्षांपर्यंत दावा करता येतो, पण सहा महिन्यांनंतर दोष मुळातला होता हे ग्राहकाला दाखवावं लागतं. ऑस्ट्रेलियात ठरावीक आकडा नाही. तशा वस्तूने वाजवी काळ टिकलंच पाहिजे, एवढी अपेक्षा कायदा धरतो. भारतात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी ‘मुळातला दोष’ सांगता येणं हेच कळीचं आहे, आणि युरोप-ब्रिटनमध्ये तर कायदा बोट दाखवतो ते विक्रेत्याकडे, उत्पादकाकडे नव्हे.

म्हणून फोनवर वाद घालण्यापेक्षा लेखी पाठवा. बिलाची प्रत, सिरियल नंबर, अॅपमधला बॅटरीचा आलेख आणि बिघाडाचा छोटा व्हिडिओ जोडा. भाषा साधी ठेवा: “हे घड्याळ मी आठवड्यातून एकदा चार्ज करत होतो. आजवर शंभराच्या आसपास चार्ज झाले असतील. ते आपटलेलं किंवा उघडलेलं नाही. एवढ्या वापरात बॅटरी निकामी होणं ही सामान्य झीज आहे असं मला वाटत नाही. आपण दुरुस्ती, बदली किंवा सवलतीत बदली यांपैकी काय देऊ शकता ते लेखी कळवावं.” सवलतीत बदली देणाऱ्या कंपन्या आहेत, पण मागितल्याशिवाय त्यांचा उल्लेखही होत नाही. दुरुस्त केलेलं घड्याळ देत असतील तर त्यावर नवी वॉरंटी किती दिवसांची, हेही विचारून घ्या. क्रेडिट कार्डाने घेतलं असेल तर कार्डाच्या अटीत वाढीव वॉरंटी आहे का तेही बघा.

झीजच निघाली तर बॅटरी बदलणं हा सरळ उपाय आहे, मात्र घड्याळाची दुरुस्ती फोनसारखी नसते. स्क्रीन गोंदाने चिकटवलेला असतो, तो उष्णता देऊन उचलावा लागतो, आणि उचलला की जुनी सील संपली. दुरुस्ती करणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: नवी सील बसवणार का, आणि बंद केल्यावर दाबाची चाचणी करणार का? चाचणी होणार नसेल तर बॅटरी खुशाल बदला, पण त्यानंतर ते घड्याळ फक्त धावण्या-चालण्याचं समजा. पोहताना आणि आंघोळीच्या वेळी काढून ठेवा.

घड्याळ कुठेही देण्याआधी, ते चालू होत असेल तर सिंक करून घ्या, कारण फॅक्टरी रीसेटने सिंक न झालेला डेटा कायमचा जातो. चालूच होत नसेल तर फोनवरून किंवा बँकेच्या अॅपमधून त्यावरचं पेमेंट कार्ड काढा आणि घड्याळ खात्यापासून तोडा.

एका स्थितीत झीज की दोष हा प्रश्न नंतरसाठी ठेवायचा. स्क्रीनची एक कड वर उचललेली दिसते, नख सरकेल एवढी फट पडते, किंवा पाठ फुगून घड्याळ टेबलावर डुगडुगतं. आत बॅटरी फुगलेली आहे. ते लगेच मनगटावरून काढा, चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी तर नकोच. फोटो काढा, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. कंपनीने नकार दिला तरी ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या आणि बॅटरी फुगली आहे हे देतानाच सांगा.