मिडवाइफचं काम चांगलं, हे ठरवायचं कशावरून?

एखाद्या प्रसूतिकेंद्रात वर्षभरात ३०० बाळंतपणं झाली आणि एकही आई दगावली नाही. मग तिथल्या मिडवाइफ उत्तम काम करतात असं म्हणायचं का? घाई नको. संख्याशास्त्रात 'तीनचा नियम' आहे. ३०० वेळा एखादी घटना एकदाही घडली नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच सांगता येतं की तिचं खरं प्रमाण ३ भागिले ३००, म्हणजे शंभरात एकाहून जास्त नसावं. मातामृत्यूसाठी शंभरात एक म्हणजे हाहाकारच! शिवाय अडलेली बाई पुढच्या रुग्णालयात पाठवली आणि तिथे दगावली, तर तो मृत्यू तिथल्या वहीत लागतो. म्हणून पाठवलेल्या बायका मूळ केंद्राच्या हिशेबातून वगळायच्या नसतात.

आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली दर्जाचे तीन भाग केले: साधनं, प्रत्यक्ष कृती आणि परिणाम. छोट्या केंद्राला सर्वांत जास्त शिकवते ती कृतीची मोजणी.

रक्तस्रावाचंच बघा. बाळ जन्मल्यावर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं, तर तो अतिरक्तस्राव मानतात. पण ते नजरेने ठरवायला गेलं की चुकतं, आणि स्राव जितका मोठा तितका अंदाज कमी पडतो. कापडात मुरलेलं, चादरीखाली साचलेलं रक्त दिसतच नाही. त्यावर उपाय म्हणजे खुणा असलेली, निमुळत्या तळाची प्लॅस्टिकची पिशवी. ती बाळ बाहेर आल्यावर लगेच बाईच्या कमरेखाली सरकवायची; आधी लावली तर गर्भजलही त्यात मोजलं जातं. गॉझ आणि पॅड वजन करून बघायचे. कोरा पॅड ४० ग्रॅमचा, भिजलेला १८० ग्रॅमचा, तर फरक १४० ग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने तितकेच मिलिलिटर रक्त.

एवढ्याशा पिशवीने काय साधतं? केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत सुमारे ५१ टक्के अतिरक्तस्राव वेळेत ओळखले गेले, खुणांच्या पिशवीसह ९३ टक्के. ओळखल्याबरोबर गर्भाशय चोळणं, औषधं, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू केल्याने लिटरभर रक्त जाणं, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं.

नोंदी तपासताना मात्र डोळ्यांत तेल घालावं लागतं. कळा वाढल्या की बाळाचे ठोके दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाई जोर लावत असताना दर ५ मिनिटांनी ऐकायचे असतात, प्रत्येक वेळी निदान मिनिटभर. कागदावर १४०, १४०, १४० अशी ओळ दिसली, वेळाही बरोबर अर्ध्या तासाच्या, की समजावं: हा तक्ता बाळंतपण उरकल्यावर बसून भरलाय. खऱ्या मोजणीत १३८, १५१, १४४ असं काहीतरी येतं.

कृती सुधारली की परिणाम आपोआप सुधारतो, असंही नाही. उत्तर प्रदेशात सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी यादीचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. दोन महिन्यांनी आवश्यक कृतींचं पालन यादी न वापरणाऱ्या केंद्रांत ४२ टक्के, तर यादी वापरणाऱ्या केंद्रांत ७३ टक्के दिसलं. पण मृत्यू आणि आईच्या गंभीर गुंतागुंती यांचं एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत १५ टक्क्यांच्या आसपासच राहिलं.

आणि बाळंतिणीला विचारायचं राहतंच. 'समाधानी आहात ना?' असं वॉर्डातच विचारलं, तर भिडेपोटी 'हो' येतं. त्यापेक्षा ती घरी गेल्यावर, केंद्राबाहेरच्या माणसाने नेमकं विचारावं: आतून तपासण्याआधी परवानगी घेतली का? कळांच्या वेळी सोबतीला कुणाला थांबू दिलं? कुणी ओरडलं का?