सेंद्रिय कर्ब आणि माळव्याची काळी जमीन

पालापाचोळा, मुळे, शेण आणि मेलेले सूक्ष्मजीव कुजल्यावर मातीत जो कार्बन टिकून राहतो, तो सेंद्रिय कर्ब. मातीतल्या सेंद्रिय पदार्थांत साधारण ५८ टक्के कर्ब धरतात. माती परीक्षणात ०.५ टक्क्याखालचे प्रमाण ‘कमी’ आणि ०.७५ च्या वरचे ‘जास्त’ समजले जाते.

इंदूरच्या आसपास काळीभोर जमीन म्हणजे कर्बाने भरलेली, असा समज घट्ट आहे. तो चुकीचा आहे. हा काळेपणा येतो तो चिकणमातीला जखडून बसलेल्या थोड्याशा ह्यूमसमुळे, म्हणजे पुरत्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थामुळे, आणि बेसाल्टातून आलेल्या खनिजांमुळे; कर्ब मात्र पुष्कळदा एक टक्क्याच्या आतच असतो. खालच्या थरातले चुनखडीचे खडे हाही कार्बनच, पण असेंद्रिय, म्हणून या हिशेबात धरायचा नाही.

जंगल किंवा गवताळ रान मोडून शेती केली की कर्ब उतरू लागतो. जमिनीवर पडणारा पाचोळा आणि बारमाही मुळे कमी होतात, आणि नांगराने मातीचे रवे फुटून आत दडलेला कर्ब जिवाणूंच्या हाती लागतो. उष्ण हवेत ते तो झपाट्याने खातात. बांधावरची झाडे, गायरान, तुरीसारखे खोल मुळांचे पीक यांनी ही घट थोपते. न नांगरता पेरल्यास वरच्या काही सेंटीमीटरांत कर्ब वाढतो, खालच्या थरात वाढेलच असे नाही. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भुरी माती त्या भेगांतून खाली उतरते. त्यामुळे नुसत्या १५ सेंटीमीटरांचा नमुना इथे अपुरा पडतो.

फरक डोळ्यांनी पाहता येतो. बांधाच्या गवताखालचे एक वाळलेले ढेकूळ आणि वर्षानुवर्षे नांगरलेल्या वावरातले एक, अशी दोन ढेकळे पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडावीत. वावरातले बघता बघता विरघळून तळाशी चिखल होते. बांधावरचे बराच वेळ आकार धरून राहते. कर्बाने धरलेली माती ती हीच.

माळव्यात पूर्वी बरीच जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून, मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू घेत. १९७० नंतर त्या पडीक हंगामात सोयाबीन आले. त्याची पाने पिकताना शेतातच गळतात, ही जमेची बाजू. पण मळणीनंतरचा भुसा बाहेर जातो आणि हार्वेस्टरने कापलेल्या गव्हाचे धसकट, म्हणजे नरवाई, पेटवली जाते. त्या आगीने मातीतला जुना कर्ब फारसा जळत नाही. जळते ते मातीच्या तोंडचे अन्न, आणि माझ्या मते आज माळव्यातले सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

याच इंदुरात त्यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वी शास्त्रशुद्ध बांधला गेला, हे इथल्या मराठी घरांनी अभिमानाने सांगावे. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये उभ्या राहिलेल्या वनस्पती उद्योग संस्थेत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पराटीसारखी (कपाशीच्या वाळल्या झाडांसारखी) टणक काडी ते शेतरस्त्यावर अंथरत, बैलगाड्यांची चाके ती चिरडत, मगच ती थरात जाई. जगभर ही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. वाडांचे नाव मात्र इंदुरातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

कर्ब वाढवणे हे सावकाशीचे काम. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटरांत सुमारे २,००० टन माती असते, म्हणजे ०.१ टक्का वाढीसाठी २ टन कर्ब तिथे टिकायला हवा. शेणखतातला बहुतेक कार्बन हवेत परत जातो, म्हणून खत दरवर्षी घालावे लागते. एका वर्षाच्या ठेक्याने जमीन कसणारा ते का घालील? पुढच्या साली वावर दुसऱ्याकडे गेले, तर त्याचे खत त्याच्या उपयोगाचे नाही.

इंदुरातल्या देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेला, शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारा प्रकल्प रोज ५५० टन कचऱ्याच्या क्षमतेचा असून त्यातून सुमारे १०० टन खत निघावे अशी आखणी आहे. हेक्टरी १० टन धरले, तर ते रोज १० हेक्टरांना पुरेल.