पहारेकऱ्यावर पहारा

१९८९ साली डेंग शियाओपिंग चीनचे राष्ट्राध्यक्ष नव्हते, पंतप्रधान नव्हते, कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीसही नव्हते. तरी तिआनानमेन चौकातल्या आंदोलकांवर बीजिंगमध्ये फौज उतरवायची की नाही, यावर शेवटचा शब्द त्यांचाच चालला. ते सैन्याची सूत्रे हाती असलेल्या केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्ष होते. सरचिटणीस जाओ झियांग त्याच आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि त्यांचा कारवाईला विरोध होता. त्या विरोधाने एकही रणगाडा थांबला नाही.

कागदावर हे आयोग दोन आहेत, एक पक्षाचा आणि दुसरा १९८२च्या राज्यघटनेने आणलेला, देशाचा. सदस्य मात्र तेच. पाट्या दोन, दुकान एक! चिनी सैन्य देशाचे नव्हे, पक्षाचे आहे, हे तिथे कोणी लपवतही नाही.

असा आयोग लागतो कशाला? शत्रूला पुरून उरेल इतके बलदंड सैन्य मालकालाही घरी बसवू शकते, हे राज्यशास्त्रातले जुने कोडे आहे. लोकशाहीत निवडणूक, संसद, न्यायालय मध्ये उभे असतात. एकाधिकारशाहीत मध्ये कोणीच नसते. पण बंडाला नुसत्या बंदुका पुरत नाहीत. ‘मी उठलो तर बाकीचे उठतील का?’ या प्रश्नाचे उत्तर सेनापतीला आधी मिळावे लागते. एकटा उठला तो संपला. म्हणून आयोगाची सारी रचना हे उत्तर त्याला मिळू नये अशीच बेतलेली आहे. तुकडीत सेनानीच्या बरोबरीने राजकीय कमिसार, म्हणजे पक्षाचा अधिकारी बसतो, दोघांच्या वर तुकडीची पक्षसमिती. मोठ्या बढत्यांची किल्ली आयोगाकडे. लष्करातली चार महाखाती स्वतःच संस्थाने झाली होती. २०१२मध्ये आयोगाचे अध्यक्ष झालेल्या शी जिनपिंग यांनी ती मोडून आयोगाच्या थेट हाताखाली पंधरा विभाग केले. सात लष्करी प्रदेशांच्या जागी २०१६मध्ये पाच युद्धक्षेत्रे आली.

याची किंमत मोजावी लागतेच. जिथे बढती निष्ठेवर मिळते तिथे वाईट बातमी वर जात नाही. स्टालिनने १९३७-३८च्या ‘शुद्धीकरणात’, म्हणजे संशयितांच्या सफाईत, पाचपैकी तीन मार्शल संपवले. १९४१मध्ये जर्मन फौजा घुसल्या तेव्हा अनुभवी सेनानींची चणचण लाल सेनेला जाणवली. बंडाला भिऊन घडवलेले सैन्य रणांगणात अडखळते, हे अभ्यासकांना अनेक देशांत दिसले आहे. मला यात नवल वाटत नाही. ज्यांनी एकमेकांवर नजर ठेवायची, त्यांनीच एकमेकांवर विसंबून लढायचे, हे जमावे कसे?

२०२२मध्ये नेमलेल्या आयोगात सात जण होते. संरक्षणमंत्री ली शांगफू यांचे पद २०२३मध्ये गेले. राजकीय कामाचे प्रमुख मियाओ हुआ २०२४मध्ये निलंबित झाले. ऑक्टोबर २०२५मध्ये मियाओ यांच्याबरोबर उपाध्यक्ष हे वेइदोंग यांचीही पक्षातून हकालपट्टी झाली. हे वेइदोंग यांच्या रिकाम्या खुर्चीवर बसवले गेले ते जांग शेंगमिन, लष्करातल्या भ्रष्टाचाराच्या चौकश्या करणारे.