नरेंद्र मंडळ

नरेंद्र मंडळ : ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या सामाईक हितसंबंधांची चर्चा करण्यासाठी स्थापन झालेली सल्लागार संस्था (१९२१–४७). इंग्रजीत तिला ‘चेंबर ऑफ प्रिन्सेस’ म्हणत. पाचव्या जॉर्जच्या जाहीरनाम्यान्वये ८ फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-आममध्ये तिचे उद्‌घाटन केले.

मंडळाची कल्पना मुळात कोणाची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण ती व्हाइसरॉय लॉर्ड लिटनपर्यंत मागे नेतात. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास त्याने मोठ्या संस्थानिकांचे सल्लागार मंडळ सुचविले होते; लंडनने ते मान्य केले नाही आणि अखेर काही राजांना ‘सम्राज्ञीचे सल्लागार’ हा नुसता किताब मिळाला. कर्झनच्या मनातही अशी एक परिषद होती. मिंटोने राष्ट्रीय चळवळीला तोल म्हणून १९०७ च्या आसपास संस्थानिक व जमीनदार यांच्या सल्लागार सभेची योजना केली, पण तीही बारगळली. या तिन्ही योजना सरकारच्या सोयीच्या होत्या आणि त्यांपैकी एकीचाही पुढच्या मंडळाशी सलग धागा जोडता येत नाही. तो धागा हार्डिंगच्या काळापासून दिसतो. राजपुत्रांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न निघाला तेव्हा १९१३ व १९१४ मध्ये संस्थानिकांना एकत्र बोलावण्यात आले. १९१६ पासून चेम्सफर्डच्या अध्यक्षतेखाली अशा परिषदा दरवर्षी भरू लागल्या. १९१८ च्या माँटेग्यू–चेम्सफर्ड अहवालाने या परिषदांना कायमचे रूप देण्याची शिफारस केली. त्यामुळे १९१६ हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संस्थानिकांना एकत्र बोलावणे ही गोष्ट आज साधी वाटली तरी तेव्हा ती धोरणाची उलटापालट होती. कंपनीच्या काळातील अनेक तहनाम्यांत एक कलम ठरलेले असे : सरकारच्या संमतीशिवाय दुसऱ्या संस्थानाशी राजकीय पत्रव्यवहार करायचा नाही. शेजारच्या राजाशी बोलायचे तरी ते रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट या ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीमार्फत. पहिल्या महायुद्धात संस्थानांनी फौजा आणि पैसा पुरविल्यावर हा अलगपणा टिकविणे अवघड झाले. बिकानेरचे महाराजा गंगासिंग यांनी तर १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर सही केली होती.

रचना : संस्थानांची संख्या त्या वेळच्या मोजणीनुसार ५६२. त्यांपैकी १०८ संस्थानिक स्वतःच्या हक्काने सभासद होते. आणखी १२७ संस्थानांनी मिळून आपल्यातून १२ प्रतिनिधी निवडावयाचे होते. उरलेल्या ३२७ जहागिरी व ठाकुराती यांना प्रतिनिधित्वच नव्हते. हक्काच्या जागेची कसोटी तोफांच्या सलामीवर होती. सलामी ९ ते २१ या विषम आकड्यांत मोजली जाई आणि तिचे तीन प्रकार होते : गादीला कायमची लागू असलेली, त्या राजापुरती व्यक्तिगत आणि केवळ त्याच्या राज्याच्या हद्दीत मिळणारी स्थानिक. ११ वा अधिक तोफांची कायमची सलामी असेल तर जागा आपोआप मिळे. व्यक्तिगत वा स्थानिक सलामी ११ ची असली तरी ती धरली जात नसे, आणि गैरसमज बहुधा इथेच होतो. कायमची सलामी त्याहून कमी असल्यास अंतर्गत कारभाराचे अधिकार जवळजवळ पूर्ण आहेत की नाहीत, हे व्हाइसरॉय ठरवी. कोल्हापूरला १९ तोफा असल्याने प्रश्न नव्हता. भोर, मुधोळ यांसारख्या ९ तोफांच्या दक्षिणी संस्थानांबाबत मात्र ही दुसरी कसोटी लागू होई. संस्थान लहान असो वा मोठे, मत एकच. २१ तोफांच्या राजाला ११ तोफांच्या राजाबरोबर मोजले जाणे रुचणारे नव्हते. हैदराबाद व म्हैसूर मंडळापासून दूर राहिले, त्याचे हे एक कारण होते.

अध्यक्ष व्हाइसरॉय असे. सभासद आपल्यातून दरवर्षी चान्सेलर, प्रो-चान्सेलर आणि स्थायी समिती निवडत. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात राजकीय खात्याशी पत्रव्यवहार व मसुदे ही कामे समितीकडे असत. पहिले चान्सेलर बिकानेरचे गंगासिंग (१९२१–२६), त्यांच्यानंतर पतियाळाचे भूपिंदरसिंग. एखाद्या विशिष्ट संस्थानाचे तहनामे, त्याचा अंतर्गत कारभार, राजाचे व त्याच्या कुटुंबीयांचे हक्क वा वर्तन हे विषय चर्चेत आणता येत नसत. ठराव व्हाइसरॉयवर बंधनकारक नव्हता, गैरहजर संस्थानिकांवर नव्हता आणि हात वर करणाऱ्यांवरही नव्हता. रेल्वे, जकात, मीठ, टपाल असे सर्वांना जाचणारे प्रश्न मांडता येत, पण प्रत्येकाचा तहनामा वेगळा असल्याने तोडग्यासाठी ज्याला त्याला स्वतंत्रपणेच सरकारकडे जावे लागे.

मंडळाचा खरा झगडा अधिसत्तेच्या, म्हणजे संस्थानांवरील ब्रिटिश राजसत्तेच्या वर्चस्वाच्या, व्याप्तीवरून झाला. मार्च १९२६ मध्ये वऱ्हाड परत देण्याच्या मागणीला उत्तर देताना व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने हैदराबादच्या निजामाला कळविले की ब्रिटिश राजसत्तेची सार्वभौमता केवळ तहनाम्यांवर आधारलेली नाही. त्याने सगळेच संस्थानिक धास्तावले. राजसत्ता व संस्थाने यांचे संबंध तपासण्यासाठी १९२७ च्या अखेरीस हार्कोर्ट बटलर समिती नेमण्यात आली. संस्थानांचे वकील सर लेस्ली स्कॉट यांचा युक्तिवाद असा की हे संबंध कराराचे आहेत आणि जे करारात दिले नाही ते राजाकडेच राहिले. समितीने १९२९ च्या अहवालात अर्धेच पदरात टाकले : संबंध राजसत्तेशी आहेत, संस्थानिकांच्या संमतीशिवाय ते हिंदी विधिमंडळाला जबाबदार असलेल्या सरकारकडे सोपवू नयेत, परंतु अधिसत्तेची व्याख्या करण्यास नकार.

गोलमेज परिषदेत (१९३०) संस्थानिकांनी ब्रिटिश हिंदुस्थान व संस्थाने यांच्या संघराज्याला अनुकूलता दर्शविली, ती लवकरच विरली. मार्च १९३३ मध्ये नवानगरचे रणजितसिंह (क्रिकेटमधील रणजी) चान्सेलर या नात्याने संघराज्याविरुद्ध बोलत असताना अध्यक्षस्थानी असलेल्या लॉर्ड विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबविले. २ एप्रिलला जामनगर येथे त्यांचे निधन झाले. १९३५ च्या कायद्यानुसार नियोजित संघराज्याच्या वरिष्ठ सभागृहातील संस्थानांच्या १०४ जागांपैकी निदान ५२ जागांचे धनी आणि संस्थानी प्रजेपैकी निम्मी प्रजा सामील झाल्यावाचून संघराज्य अस्तित्वात येणार नव्हते. ही अट कधीच पुरी झाली नाही.

सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी आलेल्या कॅबिनेट मिशनच्या १२ मे १९४६ च्या टिपणात अधिसत्ता कोणाकडेही न सोपविता संपुष्टात येईल असे म्हटले होते. त्यावेळचे चान्सेलर, भोपाळचे नबाब हमीदुल्ला खान, एकजुटीने वाटाघाटी कराव्यात या मताचे होते. परंतु २८ एप्रिल १९४७ रोजी बडोदे, बिकानेर, पतियाळा, जयपूर आदी संस्थानांचे प्रतिनिधी घटना समितीत जाऊन बसले आणि जूनमध्ये नबाबांनी राजीनामा दिला. २५ जुलैला माउंटबॅटनने मंडळापुढे भाषण करून सामीलनाम्यावर सह्या करण्याचा सल्ला दिला. त्यानंतर मंडळाला काम उरले नाही.

सरकारकडून मिळणारे तनखे रद्द होण्याची चिन्हे दिसू लागल्यावर १९६७ मध्ये माजी संस्थानिकांनी पुन्हा एक संघटना उभारली. तिला ‘कन्कॉर्ड’ म्हणत. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारे विधेयक राज्यसभेत आवश्यक दोनतृतीयांश बहुमताला एका मताहूनही कमी फरकाने मुकून पडले. संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा हुकूम १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मात्र तनखे व मान्यता दोन्ही गेली.

दिल्लीच्या जुन्या वर्तुळाकार संसद भवनातील (१९२७) तीन सभागृहांपैकी एक मंडळासाठी बांधलेले होते. १९३७ पासून तेथे फेडरल कोर्ट बसे, आणि १९५० पासून १९५८ मध्ये स्वतःच्या इमारतीत जाईपर्यंत सर्वोच्च न्यायालय.