गतिकी श्यानता : मेट्रिक आणि ब्रिटिश एककांचे रूपांतर

द्रवाचा किंवा वायूचा एक थर शेजारच्या थरावरून सरकताना आतून जो विरोध होतो, त्याचे माप म्हणजे गतिकी श्यानता. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत तिला सर्रास व्हिस्कॉसिटी म्हणतात. घरात आपण 'दाटपणा' म्हणतो, पण त्या शब्दात घनतेचाही भास होतो. गोडेतेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके; तरी ओतताना ते पाण्यापेक्षा सावकाश उतरते. हलवाई अंगठा आणि तर्जनीत पाक धरून तार बघतो, तेव्हा त्याची बोटे श्यानतेचाच अंदाज घेत असतात.

आंतरराष्ट्रीय पद्धतीत हे माप पास्कल-सेकंदात देतात. त्याआधीच्या सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतले एकक पॉइज; केशनळीतल्या प्रवाहाचा अभ्यास करणारे फ्रेंच वैद्य प्वाझय (1797–1869) यांच्यावरून ते नाव पडले. 10 पॉइज म्हणजे 1 पास्कल-सेकंद, आणि 1 सेंटिपॉइज म्हणजे बरोबर 1 मिलिपास्कल-सेकंद. 20 अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता जवळजवळ 1 सेंटिपॉइज भरते. हा योग इतका सोयीचा आहे, की जुने एकक असूनही 'सीपी' कामाच्या जागेवरून हटलेले नाही. आपल्याकडे रस्त्याच्या डांबराची प्रतवारीही पॉइजमध्येच होते. भारतीय मानक 73 च्या 2013 च्या आवृत्तीनुसार व्हीजी-30 डांबराची 60 अंशांवरची श्यानता 2400 ते 3600 पॉइज, म्हणजे 240 ते 360 पास्कल-सेकंद हवी.

मेट्रिक बाजूला फक्त दशांश चिन्ह सरकते. खरी अडचण ब्रिटिश बाजूला आहे, कारण तिथे 'पौंड' हा एकच शब्द वस्तुमानासाठीही येतो आणि बलासाठीही. श्यानता दोन्ही रीतींनी मांडता येते. वस्तुमानाचा पौंड घेतला तर एकक होते पौंड प्रति फूट-सेकंद. 1 पौंड म्हणजे 0.45359237 किलोग्रॅम आणि 1 फूट म्हणजे 0.3048 मीटर, पहिल्याला दुसऱ्याने भागले की 1.488 पास्कल-सेकंद मिळतात. बलाचा पौंड घेतला तर एकक होते पौंड-बल-सेकंद प्रति चौरस फूट. एक पौंड-बल म्हणजे 4.448 न्यूटन, एक चौरस फूट म्हणजे 0.0929 चौरस मीटर, आणि भागाकार येतो 47.88 पास्कल-सेकंद. दोन्ही एककांत 32.174 पटींचा फरक आहे. फूट-सेकंदांत मोजलेले गुरुत्वत्वरण ते हेच.

जुन्या तक्त्यांत नुसते 'पौंड' छापलेले असते, तेव्हा हा फरक डोळ्यांसमोरून निसटतो. समजा, तक्त्यात 0.03 पौंड-सेकंद प्रति चौरस फूट असे आहे. वेळ अंशस्थानी आणि क्षेत्रफळ छेदस्थानी आहे, म्हणजे पौंड बलाचा. उत्तर 1.44 पास्कल-सेकंद, साधारण 1440 सेंटिपॉइज. खोलीच्या तापमानाला ग्लिसरीन जवळपास इतकेच असते. तोच पौंड वस्तुमानाचा धरला, तर उत्तर येते जेमतेम 45 सेंटिपॉइज. ग्लिसरीनऐवजी पातळ यंत्रतेल धरून पंप निवडला जातो. म्हणून गुणक शोधण्याआधी सेकंद वर आहे की खाली, हे बघावे. एवढ्याने पौंड ओळखू येतो.

बेअरिंगच्या गणितात चौरस फुटाऐवजी चौरस इंच येतो. त्या एककाला रेन म्हणतात. वंगणाचा सिद्धांत 1886 मध्ये मांडणारे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांच्या नावावरून ते आले. 1 रेन म्हणजे सुमारे 6895 पास्कल-सेकंद. एवढे अवाढव्य एकक तेलाला झेपत नाही, म्हणून व्यवहारात मायक्रोरेन वापरतात. 1 सेंटिपॉइज म्हणजे 0.145 मायक्रोरेन. उष्णता-विनिमयाच्या अमेरिकी गणितांत तास येतो. तिथे सेंटिपॉइजला 2.42 ने गुणले, की पौंड प्रति फूट-तास मिळतात.

सेंटिस्टोक हे मात्र गतिकी श्यानतेचे एकक नव्हे. त्यात श्यानतेला घनतेने भागलेले असते, त्यामुळे घनता माहीत नसेल तर कोणताही गुणक उपयोगाचा नाही. इंजिन ऑइलच्या डब्यावरच्या '15डब्ल्यू-40' या एका खुणेत दोन्ही प्रकार शेजारी बसले आहेत : 15डब्ल्यूसाठी उणे 20 अंशांवर कमाल 7000 सेंटिपॉइज, आणि 40 साठी 100 अंशांवर किमान 12.5 सेंटिस्टोक. 100 अंशांवर 14 सेंटिस्टोक असलेल्या तेलाची त्या तापमानाची घनता 0.82 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर गतिकी श्यानता 11.5 सेंटिपॉइज होते.

तापमानाचेही रूपांतर करावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. पाणी 20 वरून 30 अंशांवर नेले, तर त्याची श्यानता 1.00 वरून 0.80 सेंटिपॉइजवर येते. तेलांत ही घसरण याहून मोठी असते. तेलांचे जुने आकडे 100 आणि 210 अंश फॅरनहाइटला दिलेले असत. ते 37.8 आणि 98.9 अंश सेल्सिअस होतात, हल्लीचे 40 आणि 100 नव्हेत. डांबराचे 140 अंश फॅरनहाइट मात्र बरोबर 60 सेल्सिअसवर येतात. एककाचा गुणक सात अंकांपर्यंत अचूक घेऊन दोन अंशांचा फरक सोडून देण्यात काही अर्थ नाही. श्यानतेचे मापनच बहुधा तीन अंकांच्या पुढे भरवशाचे नसते, तेव्हा उत्तरही तेवढ्याच अंकांत द्यावे.

आकडा पटत नसेल तर त्याच गुणकांतून 20 अंशांचे पाणी घालून पाहावे. 1 सेंटिपॉइजचे 0.000672 पौंड प्रति फूट-सेकंद, 0.0000209 पौंड-बल-सेकंद प्रति चौरस फूट किंवा 0.145 मायक्रोरेन आले, तर गुणक बरोबर आहे. पाणीच 32 पट दाट किंवा पातळ निघाले, तर पौंड चुकला आहे.