पार्श्वभूमी : लेखी उत्तरातला ‘अपात्र’ रकाना

कायदेमंडळात सरकारला प्रश्न विचारण्याची मर्यादित मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली. उपप्रश्नाचा, म्हणजे मिळालेल्या उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न विचारण्याचा, अधिकार १९०९ मध्ये आला, तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरताच. पुढे विदर्भाला महाराष्ट्रात सामील करून घेण्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर करारानुसार १९६० पासून हिवाळी अधिवेशन नागपुरात भरू लागले आणि वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांचे प्रश्न वर्षातून एकदा तरी मुंबईबाहेर, जवळच्या सभागृहात सरकारपुढे येऊ लागले. लेखी प्रश्नाचे बळ आणि त्याची मर्यादा यांचा खरा कस मात्र २००५ नंतर, शेतकरी आत्महत्यांच्या काळात लागला.

डिसेंबर २००५ मध्ये राज्य सरकारने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी याच जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची घोषणा केली. त्यानंतर अधिवेशनामागून अधिवेशन आमदारांचे प्रश्न ठरलेल्या घाटात येत राहिले : अमुक जिल्ह्यात इतक्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय? ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर सुटणारी उत्तरेही आली. परंतु ज्या प्रश्नांत आकडे मागून घेतले गेले, तेथे एकूण प्रकरणे, पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित, अशी विभागणी सरकारला द्यावी लागली.

यातला ‘अपात्र’ हा रकाना वादाचा मुख्य मुद्दा ठरला. २००६ च्या शासन निर्णयानुसार १ लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी (त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत) कुटुंबाच्या नावे शेतजमीन हवी, आणि नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज व वसुलीचा तगादा ही कारणे चौकशीत दिसायला हवीत. मक्त्याने दुसऱ्याचे वावर कसणाऱ्याच्या घरात सातबारा नसतो. बिनपरवाना सावकाराचा व्यवहार कोणत्याच दप्तरात सापडत नाही. अशा घरातला मृत्यू तलाठ्याच्या अहवालापासून जिल्हा समितीपर्यंत जातो आणि ‘अपात्र’ होऊन परततो. मदत नाकारण्यासाठी आखलेली ही रेषा उत्तरांच्या मांडणीत शेतकरी कोण हे ठरवणारी रेषा होऊन बसली, आणि पात्र प्रकरणांचा लहान आकडाच संकटाचे माप म्हणून पुढे करणे सोपे झाले. हे अन्यायाचे होते. तरीही तो रकाना आज सर्वांना वाचता येतो, याचे श्रेय जिल्हावार आकडे लेखी मागणाऱ्या सदस्यांनाच द्यावे लागते, कारण सभागृहातले भाषण विरून जाते, पण छापील उत्तरातला आकडा पुढच्या अधिवेशनात त्याच खात्यासमोर ठेवता येतो.

२०२० च्या पावसाळी अधिवेशनात संसदेने करोनामुळे प्रश्नोत्तराचा तास वगळला, पण अतारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना सभागृहात तोंडी नव्हे तर फक्त लेखी उत्तर मिळते अशा प्रश्नांची, उत्तरे चालू ठेवली. उपप्रश्नाची धार त्यात नव्हती. त्याच वर्षी राज्याचे हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत दोन दिवसांत आटोपले. २०२१ चेही मुंबईतच झाले, आणि नागपूरला ते २०२२ च्या डिसेंबरात परतले.