भांग (मद्याचा सामाजिक पर्याय)

भांग म्हणजे कॅनाबिस सटायव्हा या वनस्पतीची पाने वाटून केलेला मादक पदार्थ. वनस्पतीलाही हेच नाव आहे. फुलोऱ्यापासून मिळणारा गांजा आणि राळेपासून होणारा चरस यांच्यापेक्षा भांग सौम्य मानतात. भारतात जेथे मद्य निषिद्ध किंवा कमीपणाचे ठरले, तेथे चार मंडळींनी एकत्र बसून घेण्याचा पदार्थ म्हणून तिला जे स्थान मिळाले, तेवढ्यापुरताच येथे विचार केला आहे.

भांगेचे सेवन वेदकाळापासून चालत आले आहे, असे सर्रास सांगितले जाते. त्यासाठी अथर्ववेदातील (११.६.१५) मंत्राचा आधार घेतात. सोम ज्यांत श्रेष्ठ आहे अशा वनस्पतींच्या पाच राज्यांना उद्देशून केलेल्या या प्रार्थनेत दर्भ, यव व ‘सह’ नावाची वनस्पती यांच्या जोडीला ‘भङ्ग’ येतो. मात्र मंत्रात मागणे आहे ते संकटातून सुटकेचे. भङ्ग खाण्यापिण्याचा उल्लेख त्यात नाही. ऋग्वेदात (९.६१.१३) हा शब्द सोमाचे विशेषण म्हणून आला असून तेथे ‘भंग करणारा’ असा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. पाणिनीने (५.२.४) तीळ, उडीद व जवस यांच्या शेतांबरोबर भङ्गेच्या शेताचे नाव सिद्ध केले आहे, त्यावरून धाग्यासाठी किंवा बियांसाठी घेतले जाणारे पीक सूचित होते. सोम म्हणजेच भांग, हे मत काहींनी मांडले असले तरी ते फारसे स्वीकारले गेलेले नाही. प्राचीन वैद्यकसंहितांत मादक भांगेचा निःसंदिग्ध उल्लेख आढळत नाही, तो वंगसेनाच्या ग्रंथापासून (सु. अकरावे शतक) मिळू लागतो. म्हणून मादक द्रव्य या नात्याने भांगेचा प्रसार मध्ययुगीन मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या कालनिर्णयाचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध आहे. मनुस्मृतीत सुरापान हे महापातक असून सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. भांगेचे नाव तेथे नाही. स्मृतीला भांग मान्य होती, असा अर्थ यावरून काढला जातो. परंतु तेव्हा हे द्रव्य मादक म्हणून प्रचारातच नसेल, तर त्या मौनाला संमती म्हणता येत नाही. पुढे मात्र या मौनाचा उपयोग झाला असावा. शार्ङ्गधरसंहिता या वैद्यकग्रंथात (सु. तेरावे-चौदावे शतक) मद्य व सुरा ही बुद्धीचा लोप करणारी ‘मदकारी’ द्रव्ये ठरवली आहेत, तर भांग व अफू ही पचण्याआधीच सर्व शरीर व्यापणारी ‘व्यवायी’ द्रव्ये म्हणून वेगळी काढली आहेत. मद्य एका वर्गात आणि भांग दुसऱ्या वर्गात, ही विभागणी भांग म्हणजे मद्य नव्हे या पुढील काळातील लोकसमजुतीशी जुळणारी आहे. शिवोपासनेशी आलेल्या संबंधाने आणि ‘विजया’, ‘सिद्धी’ या भांगेच्या नावांनी या समजुतीला आणखी बळ दिले. मराठीने मात्र भांगेला पूर्ण प्रतिष्ठा कधीच दिली नाही, हे ‘भांगेत तुळस’ या म्हणीवरून दिसते.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याचे उद्गार आले आहेत : रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान वा इराण येथे जावेसे वाटले, तर आपण थोडी भांग घेतो, एवढे पुरते.

भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनने सुमारे १,२०० साक्षी नोंदवल्या. माफक सेवनाने विशेष हानी होत नाही आणि अतिरेक घातक ठरतो, असा निष्कर्ष काढून आयोगाने बंदीऐवजी कर व परवाने यांची शिफारस केली. बंदी घातल्यास लोक मद्यासारख्या अधिक अपायकारक व्यसनांकडे वळतील, ही भीतीही त्याने विचारात घेतली होती. भांग आणि मद्य एकमेकांची जागा घेऊ शकतात, हे शासकीय पातळीवर इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी क्वचितच मांडले गेले असेल.

मानसोपचारतज्ज्ञ जी. एम. कार्स्टेअर्स यांनी राजस्थानातील एका गावाच्या अभ्यासावर १९५४ मध्ये लिहिलेला लेख या विषयात मूलभूत मानला जातो. तेथे रजपूत दारू पीत आणि ब्राह्मण भांग घेत. दोघेही दुसऱ्याच्या नशेला नावे ठेवत. कार्स्टेअर्स यांच्या मते, आवेग मोकळा करणारी दारू क्षात्र जीवनाशी सुसंगत होती, तर आत्मसंयम व अंतर्मुखता यांना मोल देणाऱ्यांना भांग जवळची वाटली. हे विवेचन मार्मिक असले तरी एका गावाचे आहे, आणि होळीसारख्या प्रसंगी भांग कोणत्याही एका जातीपुरती राहत नाही.

परिणामांतील फरकही ध्यानात घ्यावा लागतो. दारूचा अंमल काही मिनिटांत जाणवतो. पोटात घेतलेली भांग चढण्यास अर्धा ते दोन तास लागतात आणि तिचा अंमल कित्येक तास टिकतो. या विलंबामुळे नवखा माणूस पुन्हा मात्रा घेतो व त्रासात सापडतो. दोन्ही एकत्र घेतल्यास परिणाम अधिक तीव्र होतो, म्हणून भांग निरुपद्रवी समजणे चुकीचे आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली. गांजाच्या व्याख्येतून मात्र फुलोऱ्याच्या शेंड्याविना असलेली पाने वगळली, त्यामुळे भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. उत्तर प्रदेश व राजस्थानात तिची परवानाधारक दुकाने आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिच्यावर परवान्याचे बंधन आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात, तर भांग घेणारे सुमारे २ टक्के आहेत.